चार मिलिमीटरच्या आड

जबलपुरात कमानिया गेटकडून बडा फुहाऱ्याकडे चालत जायला काही मिनिटं पुरतात. फुहारा म्हणजे कारंजं. त्याच्याभोवती जुना बाजार. गर्दीत नजर खालीच ठेवावी लागते : स्कूटर, हातगाडी, गाय, साड्यांच्या दुकानाबाहेर हाक मारणारी पोरं, कढईतली खव्याची जिलेबी. वर पाहायची सवड फक्त कबुतरांना.

वर पाहिलं तर दुकानांच्या माथ्यावर दुसरं एक गाव दिसतं. कमानी, मोर, कंगोरे, गंजलेले कठडे. त्याची ही यादी. एका इमारतीची नाही. सराफा, अंधेरदेव, लॉर्डगंज, मिलौनीगंज या भागांत जशा छोट्या व्यापारी इमारती उभ्या राहिल्या, त्या जातीची. मालकांची नावं घालत नाही. त्यांच्या घरचे हिशेब त्यांच्याकडे. मी फक्त तोंडं मोजतो आहे.

तोंड

इमारत लहान असते. रस्त्यावर बारा-पंधरा फूट रुंद, आत त्याच्या चौपट-पाचपट खोल. खाली दुकान, मागे कोठार, वर बिऱ्हाड. तोंड मात्र असं की आत निदान जहागीरदार राहत असावा. बाजूच्या बोळात शिरलं की उलगडा होतो. चुन्याची नक्षी कोपऱ्यावरून वीतभर आत वळते आणि थांबते. पुढे उघड्या विटा, त्यापुढे मातीची भिंत.

याला ढोंग म्हणायचा मोह होतो. पण बाजारात याचं नाव पत. लहान व्यापाऱ्याला बँक दारात उभं करत नव्हती त्या काळात माल उधारीवर यायचा आणि हुंडी नावावर चालायची. नर्मदेकाठच्या गावातून गहू घेऊन आलेला शेतकरी पेढीचा ताळेबंद वाचू शकत नव्हता, भिंत वाचू शकत होता. ज्यानं दारावर एवढा खर्च केला तो रातोरात गाशा गुंडाळणार नाही, एवढं त्याला कळायचं. नक्षी हे तारण होतं.

हा बाजार घडवला रेल्वेनं, मराठ्यांनी नाही. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. जेमतेम एकोणीस वर्षं. तेवढ्यात चौसोपी वाडे रुजत नाहीत. सुरूचे खांब आणि केळफुलं शोधत इथे आलेला पुणेकर हिरमुसला होतो. पुढे १८६७ मध्ये अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरपर्यंत पोचली, आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) तिला इथे येऊन भिडली. मुंबई-कलकत्ता सलग झालं, आणि सांधा जबलपुरात पडला. दोन कंपन्यांच्या सांध्यावर जे गाव असतं तिथे गोदामं होतात, आडती होतात, मुनीम येतात. मारवाडी, गुजराती, जैन, बोहरी आणि कचेऱ्या-शाळांतून नोकरीला लागलेले मराठी. १९०१ च्या खानेसुमारीत गावची वस्ती नव्वद हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये शहर साडेदहा लाखांवर गेलं.

मोठ्यांनी मोठं बांधलं. राजा गोकुलदासांच्या घराण्यानं धर्मशाळा उभारली, आणि आज जिथे मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय आहे ती इमारतही त्यांनीच बांधून दिली. आराखडा हेन्री आयर्विनचा, ज्यानं सिमल्याचं व्हाइसरॉयचं घर आणि म्हैसूरचा राजवाडा केला. लहान दुकानदारानं ते रस्त्यावरून पाहिलं आणि आपल्या मिस्त्रीला सांगितलं : असंच, पण बारा फुटांत.

चुना

बारा फुटांतलं ते सगळं चुन्यात झालं. चुनखडी कटनीची. कटनी तेव्हा जबलपूर जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. भट्टीत भाजलेली कळी टाक्यात विरवायची, कुजवायची, मग वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून घाणीत मळायची. घाणीला बैल. गोल चरातून दगडी चाक फिरत राहायचं. कुणी गुळाचं पाणी घालायचं, कुणी बेलफळाचा गर, कुणी ताग कुटून. प्रत्येक मिस्त्रीची आपली कृती, आणि ती तो लोणच्याच्या मसाल्यासारखी झाकून ठेवायचा.

शेवटचा हात मऊ चुन्याचा. तो गुळगुळीत दगडानं घोटायचा, ओला असेतो, न थांबता. नीट घोटलेल्या चुन्यावरून आजही हात फिरवला तर अंड्याचं टरफल आठवतं.

गंमत अशी की ज्या डोंगरानं चुना दिला त्यानंच त्याचा काळ आणला. कटनीचा सिमेंट कारखाना १९१५ च्या सुमाराचा, देशातल्या अगदी पहिल्या दोन-तीनांपैकी. सिमेंट लवकर धरतं, कुजवावं लागत नाही, बैल लागत नाही. फक्त ते श्वास घेत नाही. जुन्या भिंतीत मुरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते; सिमेंटचं ठिगळ लावलं की आत अडकते. चार-पाच पावसाळ्यांत ठिगळ सुटतं, आणि सुटताना विटेचा चेहराही घेऊन जातं. या रस्त्यावर मोरांच्या माना अशा गेल्या आहेत.

घाणी गेली. घोटणारा हात क्वचित सापडतो, तोही देवळाच्या कामावर.

साल

माथ्यावर मधोमध एक चौकट असते, कधी लंबगोल, कधी ढालीसारखी. तिच्यात पेढीचं नाव, ‘श्री’, आणि साल.

साल वाचायला तीन पंचांगं लागतात. कुठे विक्रम संवत, कुठे इसवी सन, आणि मालक मराठी असेल तर शके. संवतातून सत्तावन्न वजा करायचे, शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. संवत १९८० आणि शके १८४५ हे एकच वर्ष : १९२३-२४. शेजारी-शेजारी दोन दुकानं एकाच उन्हाळ्यात बांधली असली तरी माथ्यावरच्या सालांत एकशे पस्तीस वर्षांचं अंतर दिसू शकतं, आणि कुणालाही त्यात वावगं वाटलेलं नसतं. वर्षप्रतिपदा ज्याची त्याची, बाजार सगळ्यांचा.

दर दिवाळीला पुताई व्हायची. आम्ही जबलपूरचे मराठीही ‘पुताई’च म्हणतो, रंगसफेदी म्हणणारा नुकताच पुण्याहून आलेला असतो. पुताईचा एक-एक थर चढत गेला आणि आकडे भरत गेले. आठाचा नऊ झाला, तिनाचा दोन. किती इमारतींचं वय असं कुंचल्यानं बदललं आहे, देव जाणे. खरवडून पाहिलं तर खाली पिवळी रामरज लागते, तिच्याखाली नीळ घातलेला पांढरा, त्याच्याखाली गेरू. नवा ऑइल पेंट मात्र खरवडत नाही. तो सोलला जातो, आणि सोबत साल जातं.

चित्रं

चौकटीच्या दोन्ही अंगांना चुन्याची माणसं आणि जनावरं असतात. त्यांचीही जुनी वहिवाट ठरलेली. सोंडेत कलश घेतलेले हत्ती आणि मध्ये लक्ष्मी. सिंह, जो मिस्त्रीनं कधी पाहिलेला नसल्यामुळे माणसासारखा हसतो. पंख असलेल्या पऱ्या, कुठल्याशा विलायती चित्रावरून उचललेल्या, पण नाकात नथ. दारावर बंदुकधारी शिपाई, कारण साहेबाच्या बंगल्यावर असतो म्हणून.

मग काळ बदलतो तशी चित्रं बदलतात. १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रहाची ठिणगी याच शहरात, टाउन हॉलवर पडली. नंतर तो नागपुरात पेटला. मार्च १९३९ मध्ये शहराच्या उशाला त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष सुभाषबाबू तापानं फणफणलेले असताना. त्याची आठवण म्हणून कमानिया गेट उभं राहिलं. या वर्षांच्या आगेमागे बांधलेल्या इमारतींवर शिपायाच्या जागी चरखा आणि परीच्या जागी भारतमाता येऊ लागते. हत्ती मात्र राहतात. सरकार कुणाचंही असलं तरी लक्ष्मी लागतेच.

आणि चुन्याचं घड्याळ. खरं घड्याळ परवडत नाही म्हणून मिस्त्रीनं काढून दिलेलं, काटे कायमचे एका जागी. त्याच्याकडे पाहून कुणी गाडी चुकवली नाही.

कंगोरे

सर्वांत वर, आभाळाला लागून, कठडा आणि त्यावर कंगोरे, कलश, कुठे अर्धी उमललेली कमळं. भिंतीच्या पुढे आणि वर उगवलेलं हे काम. याला बांधून ठेवायला चुना आणि गुरुत्वाकर्षण याखेरीज काही नाही.

२२ मे १९९७. पहाटे सव्वाचार उलटून गेले होते. भूकंप रिश्टरवर सहाच्या आसपासचा. चाळीसच्या घरात माणसं गेली, आणि गावोगाव मातीची घरं बसली. शहरात सगळ्यांत आधी पडलं ते सगळ्यांत वरचं. कठडे, कंगोरे, मनोरे. उन्हाळा म्हणून गच्चीवर निजलेली माणसं होती. निदान बाजार तरी बंद होता. तोच धक्का संध्याकाळी सातला बसता तर रस्त्यावर काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

नंतर ज्यांनी दुरुस्ती केली त्यांनी कंगोरे परत बसवले नाहीत. चार थर विटांची सरळ भिंत, वर पाइपाचं रेलिंग. त्यांना दोष देता येत नाही. डोक्यावरचं कमळ एकदा पडलेलं पाहिलं की माणूस फुलांना घाबरतो.

कठडा, बिडाचा

माडीला सज्जा, सज्जाला ओतीव बिडाचा कठडा. वेली, वर्तुळं, मध्ये एखादं फूल. हे कठडे सूचिपत्रातून मागवायचे. ग्लासगोची मॅकफर्लेनची ओतशाळा अशा मालासाठी जगभर प्रसिद्ध होती; नमुना क्रमांक कळवायचा, माल बोटीनं यायचा. मग त्यांचे साचे पाहून इथल्या ओतारांनी ओतले. विलायती कठड्याची वेल पातळ असते, देशी कठड्याची जाड आणि वजनदार. देशी बिड जास्त टिकलं.

सज्जावर उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा, आणि बायकांची ती एकमेव खिडकी बाजाराकडची. रामलीलेची मिरवणूक, ताजिये, गणपती, सगळं या कठड्यावर कोपरं टेकून पाहिलं गेलं. वरच्या पट्टीचं बिड मधल्या भागात गुळगुळीत झालेलं असतं, टोकांना खरबरीत. तेवढी जागा कोपरांची.

आता सज्जात एसीचं यंत्र बसतं. कठडा आड येतो, म्हणून कापतात. कापलेलं बिड किलोवर जातं. जातं कुठे, तर बहुधा गुरंदीला.

गुरंदी

गुरंदी ही आमची जुन्या मालाची पेठ. नळाच्या तोटीपासून मोटारीच्या धुऱ्यापर्यंत सगळं. नावाची कथा अशी सांगतात की ठगांच्या बंदोबस्ताच्या काळात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना जबलपुरात आणून वसवलं, त्यांना तंबू आणि दऱ्या विणायला शिकवलं. खबऱ्याला ‘गोइंदा’ म्हणत. त्या गोइंद्यांच्या वस्तीची झाली गुरंदी. तंबू-दऱ्यांची ती शाळा १८३० च्या दशकातली, हे इतिहासात आहे. नावाचं मूळ बाजारात आहे.

या पेठेत नक्षीचे दरवाजे, तावदानांच्या चौकटी, बिडाच्या जाळ्या येतात. पूर्वी भंगारवाला वजन करायचा. आता आधी फोनवर फोटो काढतो, कारण दिल्ली-मुंबईच्या हॉटेलांना ‘अँटिक’ लागतं. म्हणजे बारा फुटांचं तोंड जागेवर असताना कचरा होतं, सुटं झाल्यावर किमती झालं.

तावदानं

दाराच्या कमानीत पंख्याच्या पात्यांसारखी रंगीत काच. लाल, हिरवी, निळी, पिवळी. सगळी ‘बेल्जियमची’, निदान मालक तसंच सांगतात. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला एक लाल चांदणी गादीवर उतरते आणि पाऊण तासात वहीवरून चालत भिंतीवर जाते.

फुटलेल्या पात्याजागी आधी साधी काच येते, मग प्लायवूड, मग एग्झॉस्ट पंखा. क्रम बदलत नाही.

पाटी

चौकटीतलं नाव चुन्याचं, कायमचं. पाटी लाकडाची किंवा पत्र्याची, मुलगा कर्ता झाला की बदलणारी. पेंटर खडूचा दोरा दोन टोकांना ताणायचा, मधून चिमटीत उचलून सोडायचा. टप्प. फळीवर पांढरी रेघ. तिच्यावर शिरोरेखा. अक्षराला आधी भरणी, मग सावली, मग सावलीला बारीक सोनेरी कड. उजव्या कोपऱ्यात तळाशी, नाव न वाचता येईल इतक्या बारीक अक्षरात, त्याची सही.

जुन्या पाट्यांवर फोन नंबर तीन-चार आकडी. आणि गावाखाली दोन अक्षरं : सी. पी. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. १९५० मध्ये त्याचा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमची राजधानी भोपाळ झाली. जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आलं. रात्रीत नागपूर परराज्य झालं. सोयरिकी तिकडे, नोकरी इकडे. इथल्या मराठी घरांत त्या दिवसाची सल अजून निघते.

पण या यादीपुरतं सांगायचं तर, राजधानी न होणं इमारतींच्या पथ्यावर पडलं. पैसा भोपाळ-इंदूरकडे वळला. इथे पाडून नवं बांधण्याची घाई कुणाला नव्हती. जुनी तोंडं टिकली ती प्रेमानं कमी आणि मंदीनं जास्त. ‘सी. पी.’ ही दोन अक्षरं काही पाट्यांवर राज्यापेक्षा जास्त जगली.

मग फ्लेक्स आलं. पाटी सकाळी सांगितली की संध्याकाळी तयार. पेंटर काही वर्षं ट्रकांच्या पाठी रंगवत राहिले. भिंतीवर रंगवलेल्या बिडीच्या जाहिराती पुसट झाल्या. त्या बिड्यांचा मोठा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी याच शहरात गुजराती व्यापाऱ्यांनी उभा केला. शेर छाप इथलीच.

फळ्या

शटर येण्याआधी दुकानाला फळ्या होत्या. सागाच्या, हातभर रुंद, पुरुषभर उंच. उंबऱ्यात खाच, वर तुळईत खाच. पहिली फळी एका कडेला आत सरकवायची, मग दुसरी, तिसरी. शेवटची मधली नव्हे, कडेची. तिलाच कडी आणि कुलूप.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि प्रत्येक फळी वर्षानुवर्षं आपल्या खाचेला घासून तिच्यापुरती झालेली असते. तिसरीच्या जागी पाचवी बसत नाही. म्हणून फळ्यांना खुणा. आकडे घातलेले असतात, पण नोकर निरक्षर असेल तर सुताराच्या पटाशीनं पाडलेल्या रेघा : एक, दोन, तीन, मग फुली, मग फुलीवर टिंब. अंधारात बोटानं चाचपून क्रम लागायचा. वीज गेली तरी दुकान बंद करता यायचं.

बंद म्हणायचं नाही. इथल्या हिंदीत म्हणतात, दुकान बढ़ा दो. आम्हा मराठी माणसांना हे समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडेही बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. रोज रात्री नऊला अख्खा बाजार असा वाढायचा, ठक-ठक-ठक, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. शटरचा आवाज एकदाच होतो, आणि तो फळ्यांसारखा मोजता येत नाही.

ओटा

फळ्यांच्या पुढे ओटा, गुडघाभर उंच, दगडी लाद्यांचा. गिऱ्हाईक आत येत नसे, ओट्यावर बसे. आत गादी, लोड, उतरतं मेज, तांबड्या कापडाची वही. शेटजी आणि गिऱ्हाईक यांची डोकी एका उंचीवर यायची. भाव या उंचीवर ठरायचा. पाणी विचारलं जायचं, मुलीच्या लग्नाचं विचारलं जायचं, आणि मग कापडाचं.

ओटा रस्तारुंदीत जातो. पालिकेच्या लेखी तो अतिक्रमण, आणि पुष्कळदा खरोखरच असतो. ओटा तुटला की दुकान एकदम तीन पायऱ्या वर राहतं, म्हणून जमीन खाली घेतात, म्हणून फळ्यांची खाच निरुपयोगी होते, म्हणून शटर येतं. एक लादी काढली की अख्ख्या तोंडाचं माप चुकतं.

किरकोळ

छताला पेट्रोमॅक्सचा आकडा. ओट्याच्या कडेला घोडा-बैल बांधायची कडी. दारावरच्या कोनाड्यात शेंदराचा गणपती. शेंदूर इतका की गणपती अंदाजानेच ओळखावा. पावसाचं पाणी फेकणारी पन्हाळ, तिचं तोंड मगरीचं. स्थानिक पॉटरीची भाजलेली मातीची नळी. जबलपूरची चिकणमाती अशा मालाला नावाजलेली, बर्न कंपनीनं इथे कारखाना घातला तो त्यासाठीच. उंबऱ्यात ठोकलेला नाल. दाराच्या दोन्ही बाजूंना ‘शुभ’ आणि ‘लाभ’. यांतलं ‘लाभ’ बहुतेक ठिकाणी शाबूत आहे.

रेघ

काही तोंडांवर मधोमध उभी रेघ दिसते. डावीकडे गुलाबी, उजवीकडे हिरवा. कमान अर्धी या रंगात, अर्धी त्या. कधी रेघ लक्ष्मीच्या मधून जाते. एक हत्ती थोरल्याचा, एक धाकट्याचा.

वाटणी झाली की भिंत लगेच होत नाही, आधी रंग होतो. पुढे एक भाऊ पाडतो, दुसऱ्याकडे पैसे नसतात. उरलेलं अर्धं तोंड आधाराशिवाय उभं.

जिथे मालक एक आणि भाडेकरू दुसरा, तिथे तर कुणीच हात लावत नाही. मध्य प्रदेशचा भाडेनियंत्रण कायदा १९६१ चा. तेव्हाचं भाडं आजही नाममात्र चालू असलेली दुकानं आहेत. भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही. मालक म्हणतो, भाडं चहाला पुरत नाही. पिंपळ दोघांचंही ऐकत नाही. तो कंगोऱ्यात रुजतो आणि मुळं खाली सोडतो.

पत्रा

आता या यादीतली नवी वस्तू. तिला बाजारात एसीपी म्हणतात. दोन पातळ अॅल्युमिनियमचे पत्रे, मध्ये प्लास्टिक, मिळून साधारण चार मिलिमीटर. चकचकीत, हवा तो रंग, धुतला की नवा. भिंतीवर आधी चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पत्रा, त्यावर उजेडाची अक्षरं.

दुकानदाराचं बरोबर आहे. जे त्याच्या आज्यानं केलं तेच तो करतो आहे : तोंड सजवतो आहे. आज पत म्हणजे चकाकी. शेजारच्या ब्रँडेड दुकानाच्या काचेपुढे चुन्याचा मोर लावून बसलं तर गिऱ्हाईक समजतं, धंदा बसला. जबलपूर २०१६ मध्ये पहिल्या वीस स्मार्ट शहरांत निवडलं गेलं, तेव्हापासून सगळ्यांनाच स्मार्ट दिसायचं आहे.

लक्षात घ्यायची गोष्ट ही, की पत्रा लावताना जुनं तोंड पाडत नाहीत. पाडायला खर्च येतो. सांगाडा सपाट बसावा म्हणून जे पुढे येतं तेवढं छिन्नीनं उडवतात : मोराची चोच, हत्तीची सोंड, सिंहाचं नाक. बाकी सगळं आत राहतं. एका पत्र्यामागे सांगाडा ठोकत असलेल्या कारागिराला मी विचारलं, आत काय आहे? तो ड्रिल थांबवून म्हणाला, “कुछ नहीं, पुराना माल है.”

शब्द

वस्तूंबरोबर गेलेले, किंवा जायला टेकलेले : घाणी, सुरखी, घोटाई, कंगोरा, पन्हाळ, तावदान, सज्जा, खाच, गादीवर बसणे, दुकान वाढवणे. यांतले निम्मे आम्ही हिंदीतून घेतले, निम्मे मराठीतून आणले, आणि जबलपूरच्या बाजारात ते कुणाचे हे कुणी विचारलं नाही. नव्या तोंडाला लागणारे शब्द चार : एसीपी, एलईडी, फ्लेक्स, शटर.

दोन दिवस

पत्रा कायमचा नसतो. दहा-बारा वर्षांत रंग उडतो, कडा उचकटतात, धंदा बदलतो, मुलगा कर्ता होतो. मग जुना पत्रा काढतात, आणि नवा बसेपर्यंत एक-दोन दिवस आतलं तोंड उघडं पडतं. ड्रिलची भोकं, कबुतरांची घरटी, चोच नसलेला मोर, आणि मधोमध साल.

तुमच्या गावातही असा बाजार असेल. जळगावात, अकोल्यात, कोल्हापुरात. पत्रा उतरलेला दिसला तर थांबा. समोरच्या फुटपाथवरून एक फोटो सरळ घ्या, एक साल वाचता येईल असा. शके असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवा, संवत असेल तर सत्तावन्न वजा करा, आणि लिहून ठेवा. कारागिराला चहा पाजा आणि सांगा की भोक पाडायचं तर सांध्यात पाड, हत्तीच्या सोंडेत नको. तो ऐकतो. त्यालाही भिंत सपाट हवी असते, हत्तीशी वैर नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवी पाटी लागलेली असते.